देवाच्या नावाचं हे जोखड खाली ठेवा

वाचकाचं पत्र

ताई, सलाम.

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतो. माझ्या आजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती आहे. माझं वय 43. मी अंगणवाडीत मदतनीस आहे. मिस्टरांचं फॅब्रिकेशनचं लहानसं वर्कशॉप होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. वर्कशॉप बंद पडलं, मशिनसाठी काढलेलं कर्ज मात्र तसंच आहे. मुलगा बारावीला आहे.

काही महिन्यांपासून बाहेरगावचे एक सेवक, म्हणजे धर्मोपदेशक, आमच्या घरी प्रार्थनेसाठी येतात. ते म्हणतात, या घराण्यावर शाप आहे, कुणीतरी केलेलं पाप लपलेलं आहे. तो शाप मोडायचा तर 21 दिवसांचा उपास करा, 21 हजारांचं बीज पेरा, म्हणजे तेवढे पैसे देवाच्या नावाने द्या, आणि विश्वासाचं पाऊल म्हणून डायलिसिस बंद करा. संशय धराल तर चमत्कार अडेल, असंही म्हणतात. मिस्टर अर्धेअधिक तयार झाले आहेत. परवा म्हणाले, "मी सुटलो तर तुम्ही पण सुटाल."

चर्चच्या मंडळीतल्या बायका भेटल्या की विचारतात, घरात कुटुंबप्रार्थना होते ना? ख्रिस्ताने मला मुक्त केलं, हे मी लहानपणापासून गात आले. पण मला कुठेच मोकळं वाटत नाही. रात्री गुडघे टेकले की शब्द फुटत नाहीत, देवाचा रागच येतो. माझाच विश्वास खोटा, म्हणून हे सगळं ओढवलं का? आता गळ्यातलं मंगळसूत्र तेवढं गहाण टाकायचं राहिलंय. मी काय करू? नाव छापू नये.

उत्तर

प्रिय भगिनी,

सलाम. तुमच्या पत्रातल्या बऱ्याच प्रश्नांवर शांतपणे बोलता येईल, पण एक गोष्ट थांबणारी नाही, म्हणून ती आधी सांगते. मिस्टरांचं डायलिसिस एकदाही चुकवू नका. निकामी झालेल्या किडन्या अंगातलं पाणी आणि पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत, ते काम मशीन करतं. मशीन थांबलं की पाणी छातीत साठून दम लागतो, आणि पोटॅशियम वाढलं तर काही सूचना न मिळता हृदय बंद पडू शकतं. डायलिसिस पूर्ण सोडलेला माणूस काही दिवस, फार तर काही आठवडे जगतो. पहिले दोन-तीन दिवस काही विशेष त्रास जाणवत नाही आणि तेवढ्यावरच "बघा, बरे झाले" अशी साक्ष दिली जाते, त्यातच मोठा धोका आहे. उपासाचंही तसंच. किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता उपास करू नये. तो सोडताना शहाळ्याचं पाणी किंवा फळांचा रस तर मुळीच घेऊ नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी माणसाला जे चांगलं, तेच त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

आता मिस्टरांचं ते एक वाक्य. तुमच्या पत्रात तुम्ही ते शापाच्या आणि बिजाच्या मधे कुठेतरी लिहून पुढे गेलात, पण मी तिथेच अडखळले. "मी सुटलो तर तुम्ही पण सुटाल." हे विश्वासाने भरलेल्या माणसाचं बोलणं नाही. आपण घरावर ओझं झालो आहोत, असं वाटणारा माणूस असं बोलतो. त्या सेवकांनी मरणाकडे जाणाऱ्या वाटेला विश्वासाचं नाव दिलं आणि खचलेल्या माणसाला तिकडे चालत जायला एक मानाचं कारण मिळालं. ते खरंच चमत्काराची वाट पाहत आहेत की जगण्याला कंटाळले आहेत, हे तुम्ही त्यांना सरळ विचारा. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात मरणाचा विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं, या एका गोष्टीनेच माणूस बोलता होतो. पुढच्या डायलिसिसला गेलात की हे वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घाला. दीर्घ आजारात मन खचतं, आणि त्यावरही उपचार आहेत. रात्री-अपरात्री भीती वाटली तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. तो नंबर तुमच्यासाठीही आहे. दोन वर्षं तुम्ही नोकरी, दवाखाना, कर्ज आणि मुलाची बारावी एकट्याने ओढत आहात. शब्द फुटत नाहीत याचं एक साधं कारण थकवाही असू शकतं.

आता शापाकडे वळू. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर आहे की, रोज शास्त्र हातात धरणाऱ्या माणसाने तुम्हाला हे सांगावं याचा मला संताप येतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो, आणि शिष्य येशूला विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? त्या सेवकांचा प्रश्न हाच आहे. प्रभूचं उत्तर आहे, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. त्याच्याही कितीतरी आधी, बाबेलच्या बंदिवासात लोक कुरकुरत होते की आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. यहेज्केल संदेष्ट्याने देवाच्या नावाने ती म्हणच बंद करायला सांगितली. मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, असं अठराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या आजोबांनी काय केलं, सासऱ्यांनी काय लपवलं, याचा हिशेब तुमच्या मिस्टरांच्या किडन्यांमधून वसूल करणारा देव आपल्या शास्त्रात नाही.

आणि सज्जन असूनही सगळं गमावून बसलेल्या ईयोबाची गोष्ट तर तुम्ही संडे स्कूलपासून ऐकली असेल. त्याचे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं एवढंच काम चांगलं होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच्यात पाप शोधायला सुरुवात केली. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत. आता ईयोब काय बोलला होता ते आठवा. त्याने जन्मदिवसाला शाप दिला, देवाला जाब विचारला, कोर्टात उभं राहून वाद घालायची भाषा केली. देवाची बाजू गुळगुळीतपणे मांडणाऱ्यांवर देव रागावला आणि रडून भांडणाऱ्याला नीट बोलणारा म्हणाला. तुमच्या रात्रीच्या रागाविषयी मला जे सांगायचं आहे, त्यातलं बरंचसं इथेच आलं.

विश्वास असेल तर औषध लागत नाही, असं म्हणणाऱ्यांना प्रेषित पौलाची बायबलमधली पत्रं पुन्हा वाचायला सांगा. पौलाच्या हातून लोक बरे झाल्याचं प्रेषितांच्या कृत्यांमध्ये लिहिलं आहे. तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, दुसऱ्या पत्राच्या शेवटी कळवतो की आपला सोबती त्रफिम याला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. त्याने त्रफिमाला दोष दिला नाही, त्याच्या विश्वासावर शंका घेतली नाही, घराण्याचा शाप शोधला नाही. तीमथ्याला पोटाचा त्रास होता, तर त्याला थोडा द्राक्षारस घे असं सांगितलं. त्या काळचं ते घरगुती औषधच होतं. लूक वैद्य होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत सलणाऱ्या त्रासासाठी, पौलाने तीनदा विनंती केली, तो काटा गेला नाही, उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे. पौलाचा विश्वास कमी होता, असं तुमच्याकडे येणारे सेवक म्हणतील का?

आपल्या महाराष्ट्रात तर ख्रिस्ताचं नाव घेऊन माणसांनी दवाखाने उभे केले. मिरजेला डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तुमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती जोडप्याने 1970 पासून गावोगावच्या साध्या, कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, त्यासाठी दोघांना 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रार्थना आणि सुई यांच्यात भांडण आहे, असं या माणसांना कधी वाटलं नाही. तेव्हा डायलिसिस सोडायला सांगणारा माणूस तुम्हाला जुन्या, खऱ्या विश्वासाकडे नेत नाही. तो आपल्या वडीलधाऱ्यांची वाट सोडून तिसरीकडेच नेतो आहे.

देव बरं करू शकत नाही, असं मी म्हणत नाही. मी रुग्णांसाठी प्रार्थना करते, आणि मनापासून करते. पण येशूने कुष्ठरोग्याला बरं केल्यावर त्याला काय सांगितलं? जा, स्वतःला याजकाला दाखव. शुद्ध झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या काळी याजकाला होता, आणि प्रभूने त्याला तिथे तपासून घ्यायला पाठवलं. उद्या देवाने मिस्टरांच्या किडन्या बऱ्या केल्या तर रक्ताच्या रिपोर्टात ते दिसेल आणि डॉक्टरच डायलिसिस कमी करतील. खऱ्या चमत्काराला तपासणीचं भय नसतं.

21 हजारांचं बीजही असंच आहे. अलीशा संदेष्ट्याने नामान नावाच्या कुष्ठरोगी सेनापतीला बरं केलं, तेव्हा नामान चांदी, सोनं, वस्त्रं घेऊन उभा होता. अलीशाने शपथ घालून काहीही घ्यायला नकार दिला. त्याचा नोकर गेहजी मात्र गुपचूप मागे धावत गेला आणि खोटं सांगून चांदी घेऊन आला. त्यानंतर गेहजीचं काय झालं ते '2 राजे' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात वाचा, आणि हवं तर त्या सेवकांनाही वाचून दाखवा. ते कदाचित जवळची दोनच नाणी देवाला वाहणाऱ्या गरीब विधवेचा दाखला देतील. मार्काच्या बाराव्या अध्यायात ती गोष्ट आहे, पण तिच्या अगदी आधीच येशू विधवांची घरं गिळून देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा, असं सांगतो. मंगळसूत्र गहाण टाकून देवाला पैसे देऊ नका. तुमच्या मिस्टरांचा जीव देवाने तारण ठेवून घेतलेला नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. ख्रिस्ताने मुक्त केलं म्हणता, मग मला मोकळं का वाटत नाही?

फिलिप्पैच्या तुरुंगाची गोष्ट आपण नेहमी अर्धीच सांगतो. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, गात होते, आणि भूकंप होऊन दारं उघडली. इथे आपण हालेलूया म्हणतो आणि थांबतो. पण पुढे वाचा. दारं उघडली आणि ते दोघे पळाले नाहीत. कैदी निसटले समजून तुरुंगाचा अधिकारी तलवार उपसून स्वतःचा जीव घेणार होता, तेवढ्यात अंधारातून पौल ओरडला, स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. त्या रात्री खरी सुटका झाली ती त्या अधिकाऱ्याची. आणि पौल? तो दारं उघडण्याच्या आधीही मोकळा होता, म्हणून तर गात होता, आणि उघडल्यावरही पळायची गरज वाटली नाही, इतका मोकळा होता. पुढे त्याच फिलिप्पैच्या मंडळीला त्याने पत्र लिहिलं, तेव्हा तो पुन्हा बंदिवासात होता आणि या वेळी भूकंप झाला नव्हता. तरी त्या पत्रात आनंद करा, आनंद करा असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. आपण जिवंत राहू की मारले जाऊ, हेही त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझी समजूत अशी आहे. ख्रिस्त देतो ते स्वातंत्र्य संकटातून सुटण्याचं नसतं, निदान नेहमी नसतं. देव आपल्यावर रुसला आहे, आपल्याला शिक्षा करतो आहे, त्याला काहीतरी देऊन मनवलं पाहिजे, या भयातून ते सोडवतं. हे भय गेलं की आजार आजार राहतो, कर्ज कर्ज राहतं, पण त्यातून देवाचा सूड वजा होतो. मग माणूस रिपोर्टाकडे सरळ बघू शकतो, बँकेत जाऊ शकतो, रडू शकतो, मदत मागू शकतो. तुम्हाला मोकळं वाटत नाही, कारण गेले काही महिने तुमच्या घरात कुणीतरी हेच भय पुन्हा पुन्हा आणून ठेवतं आहे. तुमचा विश्वास खोटा नाही, त्याच्या मानेवर जू ठेवलं गेलं आहे.

इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. मुलगी असतानाच त्यांनी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. भावाबरोबर हजारो मैल पायी हिंडल्या. भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, शिकवलं, पण श्रद्धेच्या बाबतीत आम्ही सांगू ते मान्य कर, असा आग्रहही धरला. रमाबाईंनी 1885 मध्ये पत्र लिहून त्यांना कळवलं की मी मोठ्या कष्टाने पुरोहितांच्या एका जोखडातून मोकळी झाले आहे, तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायला आता तयार नाही. ज्यांनी आसरा दिला, शिकवलं, त्यांनाच हे सांगितलं. गलतीकरांच्या पत्रात पौल हेच लिहितो. ख्रिस्ताने आपल्याला स्वातंत्र्यासाठी मुक्त केलं आहे, म्हणून स्थिर उभे राहा, दासत्वाच्या जोखडात पुन्हा अडकू नका. ख्रिस्ती माणसाला कुणाही सेवकाला, कितीही अभिषिक्त म्हणवणाऱ्याला, नाही म्हणता येतं. नाही म्हणणं हा अविश्वास नाही.

रमाबाईंचं अजून एक सांगायचं आहे, कारण ते तुमच्या रात्रींशी जुळतं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून भेटला नव्हता. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आठ वर्षं! तोपर्यंत त्यांनी शारदा सदन काढलं होतं, देशात आणि परदेशात त्यांचं नाव झालं होतं. मन मात्र भारावलेलंच होतं. पुढे ते ओझं उतरलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या आणि केडगावला त्यांना घर दिलं. म्हणून दुःखाने त्यांची पाठ सोडली असं नाही. 1921 मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं काम सोपवायचं होतं तीच. एकुलती एक लेक. त्यानंतर वर्षभरही न जगता 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. पण मधल्या त्या महिन्यांत, ऐकू येईनासं झालं होतं आणि शरीर थकलं होतं तरी, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणण्याचं आपलं काम त्यांनी पुरं केलं. लेक का गेली याचं उत्तर त्यांना मिळालं होतं का? मला वाटत नाही. त्या उत्तरासाठी त्या अडून बसल्या नाहीत, एवढं मात्र दिसतं.

तुमच्या रागाबद्दल. तो देवापासून लपवू नका. स्तोत्रांचं पुस्तक उघडा, तेराव्या स्तोत्रात दावीद विचारतो, किती काळ, परमेश्वरा, तू मला कायमचाच विसरणार आहेस का? 88 वं स्तोत्र तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोखाचं आहे, शेवटच्या ओळीतही उजेड नाही, तरी ते देवाच्या भक्तांच्या प्रार्थनांमध्ये मानाने बसलं आहे. आणि वधस्तंभावर प्रभू स्वतः ओरडला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? ज्या ओठांवर हा प्रश्न आला, त्याच्यापाशी तुम्ही तुमचा प्रश्न नेता आहात. तो दचकणार नाही. शब्द फुटत नसतील तर फोडायचा आटापिटा करू नका. रोमकरांच्या आठव्या अध्यायात लिहिलं आहे की काय मागावं हे आपल्याला समजत नाही, तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी शब्दांपलीकडच्या कण्हण्याने विनंती करतो. काही दिवस स्वतःचे शब्द शोधूच नका. डायलिसिसच्या वेळी बाहेर बाकड्यावर बसायला लागतं, तेव्हा एकच स्तोत्र वाचा आणि पुस्तक मिटा. गुडघे दुखत असतील तर अंथरुणावर पडून प्रार्थना करा.

माझा विश्वास पुरेसा आहे का, हे मोजत बसणंही सोडा. कफर्णहूमला चार माणसांनी छप्पर उकलून पक्षाघात झालेल्या मित्राला बाजेसकट खाली सोडलं. मार्क लिहितो, येशूने त्यांचा विश्वास पाहिला. ज्याला उचलून आणलं, त्याला विश्वासाबद्दल कुणी एक शब्दही विचारला नाही. सध्या तुम्ही आणि मिस्टर त्या बाजेवर आहात. आता दुसऱ्यांनी उचलायचं.

मंडळीतल्या बायकांचं बोलणं लागतं, हे मी समजू शकते. कुटुंबप्रार्थना होते ना, या प्रश्नाच्या पोटात आरोप असतो. पुढच्या वेळी तुम्ही म्हणा, "होते. पण मंगळवारी दवाखान्यात यांच्याबरोबर थांबायला कुणी नाही, तुम्ही याल का?" किंवा मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत दुपारचा डबा मागा. काही जणी गप्प होतील. एखादी मात्र येईल, आणि तिच्या येण्याने तुम्हाला प्रार्थनेपेक्षा कमी काही मिळणार नाही. एकमेकांची ओझी वाहा, असं शास्त्र सांगतं, ते ओझं कुठलं हे सांगायची लाज धरू नका.

पैशांचंही थोडं बोलते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. जिल्हा रुग्णालयांमध्ये सरकारच्या डायलिसिस कार्यक्रमातून गरीब रुग्णांची सोय केलेली असते, तिथेही चौकशी करा. कर्जासाठी बँकेच्या शाखेत जाऊन, दवाखान्याचे कागद जोडून, हप्ते कमी करून मुदत वाढवण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मशिन बंद पडून गंजण्याआधी बँकेच्या संमतीने विकता आलं तर बरं. मिस्टरांच्या हातात कसब आहे. ज्या दिवशी डायलिसिस नसतं आणि अंगात त्राण असतं, त्या दिवशी मोजमाप काढणं, अंदाजपत्रक करून देणं एवढं काम जुन्या ओळखीच्या वर्कशॉपसाठी त्यांना करता येईल का, हे डॉक्टरांना विचारून बघा. पैसे थोडे येतील. पण ज्या माणसाला आपण ओझं आहोत असं वाटतं, त्याला त्यातून पैशापेक्षा अधिक काहीतरी मिळेल. मुलालाही घरची स्थिती सांगा. बारावीचा मुलगा लहान नसतो, आणि दाराआडच्या कुजबुजीने तो जास्त घाबरतो.

राहिले ते सेवक. त्यांच्याशी शास्त्रावर वाद घालत बसू नका, तुमच्यात आता तेवढं बळ नाही. तुमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना आणि एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाला सगळी हकिकत सांगा, डायलिसिस सोडायला सांगितल्याचीही, आणि पुढच्या भेटीला त्यांना घरी बसवा. याकोबाच्या पाचव्या अध्यायात लिहिलं आहे की तुमच्यात कुणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. हे मिस्टरांसाठी करून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत, उपासाची अट नाही, औषध सोडावं लागत नाही. त्यांना वाटणारी आस खोटी नाही, तिला नीट जागा मिळू द्या. सेवकांनी विचारलं तर एवढंच सांगा, "डॉक्टर चालू राहतील, पैसे आम्ही देणार नाही. प्रार्थना करायची असेल तर बसा, चहा घ्या." त्यानंतर ते येतात की नाही, ते तुम्हालाच दिसेल.

मिस्टरांचं डॉक्टरांशी काय बोलणं झालं ते मला जरूर कळवा. नाव त्याही वेळी छापणार नाही.